संदेशापासून सुरुवात: ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली की बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती लगेच चार नावांची यादी पडते: ॲब्स्ट्रॅक्शन, एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम. तोंडी परीक्षेत या चारांच्या व्याख्या विचारल्या जातात म्हणून त्या पाठ होतात, प्राणी, कुत्रा आणि मांजर यांचे ठरलेले उदाहरण वहीत उतरते, आणि तरीही प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर कोणता क्लास (ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा) करावा आणि कोणती मेथड (संदेश आल्यावर काय करायचे ते सांगणारा कोड) कुठे ठेवावी हे सुचत नाही. दोष शिकवण्याच्या क्रमात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या चारही गोष्टी ज्या एका कल्पनेतून निघतात, ती आधी हाताला लागली पाहिजे. ती कल्पना अशी: प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांना संदेश पाठवणाऱ्या ऑब्जेक्ट्सचा, म्हणजे स्वतःजवळ माहिती ठेवून तिच्यावर काम करणाऱ्या घटकांचा, समूह, आणि आलेल्या संदेशाचे काय करायचे हे ज्याला तो मिळाला, तो ऑब्जेक्ट स्वतः ठरवतो.

क्लास आणि ऑब्जेक्ट या रचना प्रथम नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला 67 या भाषेत आल्या. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 पासून स्मॉलटॉक ही भाषा घडवली आणि संदेशाची कल्पना टोकापर्यंत नेली. पुढे 1998 मध्ये के यांनी स्वतःच लिहून ठेवले, की आपण ‘ऑब्जेक्ट’ या शब्दावर भर दिल्यामुळे लोकांचे लक्ष कमी महत्त्वाच्या गोष्टीकडे गेले. मुख्य कल्पना संदेशांची होती. नवशिक्याने हे विधान गांभीर्याने घ्यावे, कारण त्यातून शिकण्याचा क्रम मिळतो.

म्हणून या लेखात मी जावा किंवा पायथॉन न घेता स्मॉलटॉकचा आजचा मोफत अवतार, म्हणजे फारो, ही भाषा घेतली आहे. नोकरीच्या जाहिरातींत तिचे नाव क्वचितच दिसेल. पण तिचे व्याकरण इतके लहान आहे की ते थोड्या वेळात संपते आणि उरलेला सगळा वेळ तत्त्वांना देता येतो. येथे शिकलेले जावा, पायथॉन किंवा रुबीमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडते. काय बदलते ते शेवटी सांगितले आहे. एक सूचना आधीच देतो: वाचनाच्या सोयीसाठी या लेखात संदेशांची आणि क्लासची नावे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर टंकताना ती रोमन लिपीत लिहावीत.

पायरी पहिली: संदेश पाठवून पाहणे

फारोच्या संकेतस्थळावरून फारो लाँचर हा प्रोग्रॅम उतरवून घ्या. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. लाँचरमधून एक नवी इमेज तयार करा आणि ती उघडा. इमेज म्हणजे तुमचे सर्व ऑब्जेक्ट, क्लास आणि उघडलेल्या खिडक्या यांसह जतन झालेली संपूर्ण कार्यरत अवस्था. आत गेल्यावर मेनूमधून प्लेग्राउंड उघडा. येथे कोणतीही ओळ लिहून ती निवडली आणि कंट्रोल व पी (मॅकवर कमांड व पी) दाबले, की उत्तर तेथेच छापले जाते.

पहिल्यांदा 3 + 4 लिहा. उत्तर 7 येईल, यात नवे काही नाही. पण घडले काय ते नीट पाहा. 3 हा एक ऑब्जेक्ट आहे, त्याला + हा संदेश पाठवला गेला आणि त्या संदेशासोबत 4 हा दुसरा ऑब्जेक्ट दिला गेला. बेरीज कशी करायची हे 3 ला ठाऊक आहे. आता 3 + 4 * 2 लिहून पाहा. शाळेतल्या गणिताप्रमाणे 11 येईल अशी अपेक्षा असते, पण उत्तर 14 येते, कारण फारोसाठी + आणि * हे दोन्ही सारख्याच दर्जाचे संदेश आहेत आणि ते डावीकडून उजवीकडे पाठवले जातात. गणिताचा क्रम हवा असेल तर कंस घालावा लागतो. हे विचित्र वाटले तरी येथे थोडे थांबा, कारण भाषेने संदेशाचा नियम गणितासाठीसुद्धा मोडलेला नाही, हे यातून दिसते.

पुढे 40 / 6 लिहा. उत्तर 6.67 असे दशांशात न येता (20/3) असे येईल. पूर्णांकाने भागाकाराच्या संदेशाला उत्तर म्हणून एक अपूर्णांक ऑब्जेक्ट परत दिला. त्या अपूर्णांकाला सीलिंग हा संदेश पाठवला, तर तो वरच्या दिशेने पूर्ण होऊन 7 मिळतात. 100 ला फॅक्टोरियल (1 ते 100 या सर्व संख्यांचा गुणाकार) हा संदेश पाठवला, तर 158 अंकी संख्या पूर्णच्या पूर्ण छापून येते. संख्या मोठी झाली म्हणून वेगळा प्रकार जाहीर करावा लागत नाही, कारण तेवढी मोठी संख्या कशी साठवायची ही जबाबदारी ऑब्जेक्टची आहे. ‘पुणे’ ही अक्षरमाला लिहून तिला साइझ हा संदेश पाठवला, तर 4 हे उत्तर येते, कारण उकार आणि मात्रा ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात.

अशा प्रयोगांना भरपूर वेळ द्या. प्रत्येक ओळीसाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा: संदेश कोणाला गेला, संदेश कोणता होता आणि उत्तरादाखल कोणता ऑब्जेक्ट परत आला? ही सवय लागली, की पुढचे बरेच सोपे होते.

पायरी दुसरी: निर्णयसुद्धा संदेशच

इतर भाषांत ‘जर’ आणि ‘नाहीतर’ हे व्याकरणाचे भाग असतात. स्मॉलटॉकमध्ये तसे नाही. 7 > 5 या संदेशाचे उत्तर म्हणून ट्रू हा ऑब्जेक्ट मिळतो आणि त्या ऑब्जेक्टला इफट्रू:इफफॉल्स: हा संदेश पाठवायचा असतो. त्या संदेशासोबत चौकटी कंसात लिहिलेले कोडचे दोन तुकडे दिले जातात. त्यांना ब्लॉक म्हणतात.

ट्रू आणि फॉल्स हे दोन वेगळ्या क्लासचे ऑब्जेक्ट आहेत. ट्रूच्या क्लासमध्ये या मेथडचा अर्थ इतकाच लिहिला आहे, की पहिला ब्लॉक चालव. फॉल्सच्या क्लासमध्ये लिहिले आहे, की दुसरा ब्लॉक चालव. तेथे कोणतीही तपासणी नाही. वेग वाढावा म्हणून कंपायलर (लिहिलेला कोड यंत्रासाठी भाषांतरित करणारा प्रोग्रॅम) हा संदेश आतल्या आत थेट सूचनांमध्ये बदलतो, पण सिस्टम ब्राउझरमध्ये (क्लास आणि मेथड पाहण्याच्या व लिहिण्याच्या खिडकीत) ट्रू आणि फॉल्स हे क्लास उघडून या दोन मेथड तुम्ही स्वतः वाचू शकता, आणि अवश्य वाचा. एकच संदेश, दोन वेगळे स्वीकारणारे आणि दोन वेगळी वर्तने, यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते या उदाहरणापेक्षा हे कितीतरी समर्थ आहे, कारण येथे पॉलिमॉर्फिझमने खरोखर एक काम केले आहे: ‘जर’ची गरज संपवली आहे.

पायरी तिसरी: स्वतःचा पहिला क्लास

आता एक खराखुरा विषय घेऊ: एसटीचे तिकीट. एसटीचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्याने मोजले जाते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी येथे एका टप्प्याचे 10 रुपये धरू. म्हणजे 40 किलोमीटरला 7 टप्पे आणि 70 रुपये.

क्लास लिहिण्याआधी चाचणी लिहा. फारोमध्ये एसयुनिट ही चाचणीची सोय आधीपासूनच असते. टेस्टकेस या क्लासचा उपक्लास (वरच्या क्लासचे वर्तन वारशाने घेणारा क्लास) करून त्यात एक मेथड लिहा: 40 किलोमीटरचे तिकीट तयार कर, त्याला रक्कम हा संदेश पाठव आणि उत्तर 70 आहे याची खात्री कर. जोडीला सीमारेषेवरच्या दोन चाचण्याही लिहा: 6 किलोमीटरला 10 रुपये आणि 7 किलोमीटरला 20 रुपये. नवशिक्याच्या चुका बहुधा सीमेवरच लपलेल्या असतात.

चाचणी चालवली, की ती अडेल, कारण तिकीट नावाचा क्लास अजून नाही. सिस्टम ब्राउझरमध्ये तो तयार करा. क्लास तयार करणे हेसुद्धा ऑब्जेक्ट या मूळ क्लासला पाठवलेल्या संदेशानेच होते. तिकिटाला अंतर या नावाचे एक व्हेरिएबल (माहिती ठेवायची जागा) द्या आणि दिलेल्या किलोमीटरचे नवे तिकीट बनवून देणारी एक छोटी मेथड ब्राउझरमधील ‘क्लास साइड’वर (म्हणजे एखाद्या तिकिटासाठी नव्हे, तर खुद्द क्लाससाठी) लिहा. पुन्हा चाचणी चालवली, की या वेळी रक्कम हा संदेश तिकिटाला समजला नाही, अशी सूचना येईल आणि डीबगर (थांबलेला प्रोग्रॅम आतून तपासण्याची खिडकी) उघडता येईल. तो पाहून घाबरू नका. डीबगरमध्ये ती मेथड तेथल्या तेथे तयार करण्याचे बटण असते. ते दाबा, मेथड लिहा आणि प्रोग्रॅम थांबला होता तेथूनच पुढे चालू द्या. हिशेबासाठी मेथड दोनच पुरतात:

टप्पे
  ^ (अंतर / 6) सीलिंग

रक्कम
  ^ सेल्फ टप्पे * 10

येथे ^ या चिन्हाचा अर्थ ‘हे उत्तर परत दे’ असा आहे आणि सेल्फ म्हणजे ज्याला संदेश मिळाला तो ऑब्जेक्ट. दुसऱ्या मेथडमध्ये तिकिटाने स्वतःलाच टप्पे हा संदेश पाठवला आहे. मेथड अशाच लहान असू द्या. एका मेथडने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे.

पायरी चौथी: आतले आतच ठेवणे

अंतर हे व्हेरिएबल तिकिटाच्या आत आहे. फारोमध्ये ते बाहेरून थेट वाचता किंवा बदलता येत नाही. त्याच क्लासच्या दुसऱ्या तिकिटालासुद्धा नाही. एन्कॅप्सुलेशन ते हेच. येथे अनेक विद्यार्थी एक चुकीची गोष्ट फार निष्ठेने करतात: प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक वाचणारी आणि एक बदलणारी मेथड लिहितात आणि एन्कॅप्सुलेशन पूर्ण झाले असे समजतात. तसे केल्यास कंडक्टरचा हिशेब लिहिणारा कोड तिकिटाकडून अंतर मागून घेतो, स्वतः 6 ने भागतो, स्वतः दराने गुणतो, आणि तिकीट म्हणजे नुसता आकडे ठेवायचा डबा उरतो. उद्या टप्प्याची लांबी बदलली, तर बदल किती ठिकाणी करावा लागेल हे कोणालाच सांगता येणार नाही.

ज्या ऑब्जेक्टकडे माहिती आहे, त्याच्याकडेच काम सोपवा. अंतर मागू नका, रक्कम विचारा. एखादी मेथड दुसऱ्या ऑब्जेक्टकडून दोन-तीन गोष्टी मागून त्यांवर गणित करत असेल, तर ते गणित बहुधा त्या दुसऱ्या ऑब्जेक्टचे असते. ती मेथड तिकडे हलवा. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी नियम हाच आहे, आणि तो पाळला तर ॲब्स्ट्रॅक्शनची वेगळी व्याख्या पाठ करावी लागत नाही, कारण बाहेरच्या जगाला ‘रक्कम’ एवढेच दिसते आणि टप्प्यांचा हिशेब आपोआप झाकला जातो.

पायरी पाचवी: सवलत, आणि क्लास कशाचा करायचा हा प्रश्न

आतापर्यंतचा प्रोग्रॅम साध्या फंक्शनांनीही लिहिता आला असता. ऑब्जेक्टची खरी किंमत नियम बदलू लागले की कळते, आणि एसटीचे नियम बदलतात. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते आणि 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्म्या भाड्याची सवलत आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये 75 वर्षांवरील नागरिकांना राज्यात मोफत प्रवास मिळाला, आणि 2023 च्या मार्चमध्ये सर्व महिलांना 50 टक्के सवलत लागू झाली.

पाठ्यपुस्तकातील प्राण्यांच्या उदाहरणावर वाढलेला विद्यार्थी येथे लगेच प्रवासी असा क्लास करतो आणि त्याचे बालप्रवासी, ज्येष्ठप्रवासी आणि महिलाप्रवासी असे उपक्लास करतो. कागदावर हे झाड सुबक दिसते, पण पहिल्याच दिवशी 78 वर्षांच्या आजी गाडीत चढतात आणि झाड मोडते. त्या महिलाप्रवासी की ज्येष्ठप्रवासी? शिवाय 64 वर्षांचे आजोबा वाढदिवसानंतर 65 चे होतात. चालत्या प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टचा क्लास असा वयाबरोबर बदलत नेणे कोणत्याही भाषेत अडचणीचेच. चूक अशी झाली, की माणसाचे बदलते गुण आपण त्याच्या प्रकारात गोठवले.

येथे बदलते ती सवलत, म्हणून सवलतीलाच ऑब्जेक्ट करा. तिकिटाजवळ अंतराबरोबर सवलत हे दुसरे व्हेरिएबल ठेवा. तिकिटाने मूळ भाडे काढावे आणि पुढचे काम सवलतीला सांगावे:

मूळभाडे
  ^ सेल्फ टप्पे * 10

रक्कम
  ^ सवलत लागूकर: सेल्फ मूळभाडे

आता सवलतीचे किती क्लास करावेत? बालसवलत, ज्येष्ठसवलत आणि महिलासवलत असे तीन करण्याचा मोह होतो. पण तिघांचे वर्तन तंतोतंत एकच आहे, फक्त नाव वेगळे आहे. नाव वेगळे ठेवणे आवश्यकच आहे, कारण सवलतींपोटी एसटीला राज्य सरकारकडून प्रतिपूर्ती मिळते आणि त्यासाठी कोणत्या योजनेत किती तिकिटे गेली याचा हिशेब लागतो. मात्र नाव हा माहितीतला फरक आहे, वर्तनातला नाही. त्यामुळे सवलत हा एकच क्लास पुरतो. त्याच्याजवळ नाव आणि टक्के ही दोन व्हेरिएबल्स असतील. पूर्ण भाडे म्हणजे 0 टक्के, महिला 50 टक्के, मोफत म्हणजे 100 टक्के. माहिती वेगळी असेल तर वेगळे ऑब्जेक्ट करा आणि वर्तन वेगळे असेल तरच वेगळे क्लास करा. ‘सवलत नाही’ यासाठी रिकामी जागा न ठेवता 0 टक्क्यांचा खरा ऑब्जेक्ट ठेवला आहे, हेही लक्षात घ्या; त्यामुळे तिकिटाला ‘सवलत आहे का’ हा प्रश्न कधीच विचारावा लागत नाही.

आजींचा प्रश्नही आता सरळ सुटतो. प्रवाशाला लागू असलेल्या सवलती गोळा करायच्या आणि त्यांतली सर्वांत जास्त टक्क्यांची निवडायची. 50 आणि 100 यांतून 100 निवडले जातात. ही निवड करणारे काम तिकिटात कोंबू नका. त्यासाठी सवलतयादी असा स्वतंत्र ऑब्जेक्ट करा, ज्याच्याकडे नियम असतील. 2023 च्या मार्चमध्ये हा प्रोग्रॅम चालू असता, तर नवी योजना आणण्यासाठी या यादीत एक नियम आणि एक सवलत वाढवावी लागली असती आणि तिकिटाच्या क्लासमधली एकही ओळ बदलावी लागली नसती. जुन्या चाचण्या तशाच पास होत राहिल्या असत्या. हे स्वतः करून पाहा: आधी महिला सवलतीशिवाय प्रोग्रॅम पूर्ण करा, चाचण्या पास करा, मगच ती सवलत जोडा आणि किती क्लासना हात लावावा लागला ते मोजा.

पायरी सहावी: इनहेरिटन्स, आता आणि जपून

कंडक्टर प्रवाशाच्या तिकिटाबरोबर सामानाचे तिकीटही देतो. त्यातही अंतर आणि टप्पे आहेत, पण रक्कम वजनावरून ठरते आणि प्रवाशाची सवलत तिला लागू करायची नाही, असे आपल्या प्रोग्रॅमपुरते ठरवू. येथे वर्तनात खरा फरक आहे आणि काही भाग खरोखर समान आहे, म्हणून उपक्लास, म्हणजेच इनहेरिटन्स, योग्य ठरतो. पावती असा एक वरचा क्लास करा. अंतर आणि टप्पे तेथे न्या. रक्कम ही मेथड पावतीमध्ये फक्त जाहीर करा आणि तिच्या आत सबक्लासरिस्पॉन्सिबिलिटी हा संदेश लिहा, म्हणजे उपक्लासने ती मेथड लिहिली नसेल तर चूक लगेच उघड होईल. तिकीट आणि सामानतिकीट हे दोन उपक्लास आपापली रक्कम लिहितील.

फेरीच्या शेवटी एकूण वसुली काढताना सर्व पावत्या एका यादीत असतील आणि प्रत्येकीला रक्कम हा एकच संदेश जाईल. कोणती पावती कोणत्या क्लासची आहे, हे विचारणारी ओळ तेथे दिसली तर समजावे की रचना बिघडली आहे.

उपक्लास करण्याआधी एक कसोटी लावा: जेथे वरच्या क्लासचा ऑब्जेक्ट चालतो, तेथे उपक्लासचा ऑब्जेक्ट ठेवल्यास वापरणाऱ्याची फसगत होईल का? बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये मांडलेला विचार हाच, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. केवळ दोन ओळी वाचतात म्हणून उपक्लास करू नये; त्या दोन ओळी ज्याच्या आहेत असा एक लहान ऑब्जेक्ट करून तो दोघांजवळ ठेवणे बहुतेक वेळा जास्त सुरक्षित असते.

पायरी सातवी: जावा आणि पायथॉनकडे

हाच प्रोग्रॅम आता तुमच्या अभ्यासक्रमातील भाषेत पुन्हा लिहा. जावामध्ये ‘जर’ हे व्याकरणात आहे आणि साधे पूर्णांक हे ऑब्जेक्ट नसतात, त्यामुळे 40 ला संदेश पाठवता येणार नाही; शिवाय दोन पूर्णांकांचा भागाकार केल्यावर उरलेला भाग टाकून दिला जातो, म्हणून 40 भागिले 6 चे उत्तर 6 येईल आणि टप्पे मोजताना एक टप्पा कमी भरेल. आधी लिहिलेली 7 किलोमीटरची चाचणी ही चूक पकडून देईल. जावात प्रायव्हेट म्हणून ठेवलेले व्हेरिएबल त्याच क्लासच्या दुसऱ्या ऑब्जेक्टला मात्र दिसते, हा फारोपेक्षा महत्त्वाचा फरक आहे. रक्कम या संदेशाला उत्तर देणारे सर्व क्लास एका इंटरफेसखाली (कोणत्या संदेशांना उत्तर द्यायचे एवढेच सांगणाऱ्या यादीखाली) आणता येतात आणि समान कोड नसेल तेथे वरच्या क्लासऐवजी इंटरफेसच वापरावा.

पायथॉनमध्ये सेल्फ हे प्रत्येक मेथडच्या यादीत पहिल्या जागी स्वतः लिहावे लागते, आणि व्हेरिएबल खासगी ठेवण्याची सक्ती भाषा करत नाही. नावाआधी अंडरस्कोर लावून ते आतले आहे असे सांगण्याचा संकेत आहे, आणि तो पाळणे तुमच्यावर आहे. तेथे रक्कम ही मेथड असलेला कोणताही ऑब्जेक्ट वसुलीच्या यादीत चालतो. त्याचा वरचा क्लास कोणता, हे कोणी पाहत नाही.

दोन्ही भाषांत आधी चाचण्या उतरवा आणि मगच क्लास. चाचण्या पास झाल्या, की विद्यार्थ्यांचा मासिक पास जोडून पाहा: पासात सामान्यतः 20 दिवसांचे भाडे घेऊन 30 दिवस प्रवास करता येतो, विद्यार्थ्याला त्यावर आणखी सवलत मिळते, आणि तो खिडकीवर एकदाच विकला जातो. तो पावतीचा उपक्लास असावा की वेगळा ऑब्जेक्ट, हे आधी कागदावर कारणासह लिहा आणि मग संगणकाकडे वळा.